पाठ : गाडीच्या काचेवरची चीर आणि रेझिनचे विज्ञान



मनमाडहून येवल्याला येताना पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि माझ्या गाडीच्या काचेवर 'टिक्' आवाज झाला. मुगाच्या दाण्याएवढा टवका. "एवढ्याशाने काय होतंय!" म्हणून मी आठ दिवस सोडून दिलं. मग एप्रिलच्या दुपारी तापलेल्या गाडीत बसून एसी थेट काचेवर सोडला, आणि टवक्यापासून वीतभर चीर डोळ्यांदेखत धावली. वर्गात मुलांनी विचारलं, "सर, काच चिकटवता येते का?" त्या प्रश्नातून हा पाठ तयार झाला.

काच कशी असते?
समोरची काच म्हणजे काचेचे दोन थर आणि मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पडदा. म्हणून ती फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. खड्याने बहुधा बाहेरचाच थर तडकतो. दुरुस्ती होते ती याच थराची.

चीर दिसते का?
चिरेत हवा शिरते. काचेचा अपवर्तनांक सुमारे 1.52, हवेचा जवळपास 1. या फरकामुळे प्रकाश परावर्तित होतो आणि चीर चमकते. रेझिनचा अपवर्तनांक काचेच्या जवळ असतो. हवा काढून तिथे रेझिन भरलं की चीर जवळजवळ दिसेनाशी होते, आणि काच पुन्हा सांधली जाते. मिस्त्री आधी यंत्राने हवा खेचून घेतो, मग दाबाने रेझिन भरतो, नंतर अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतो. हे काम सावलीतच करायचं. उन्हातही अतिनील किरण असतात, रेझिन आत पोहोचायच्या आधीच घट्ट होतं.

वाकड्या चिरांचे उपाय
1. *चांदणी* : मधल्या टवक्यातून फाटे फुटतात. रेझिन फाट्यांच्या टोकाशी अडतं. काच हलकी कोमट करून फाट्याजवळ अलगद दाब दिला, की ते पुढे सरकतं.
2. *गोल आणि चांदणी एकत्र* : हवा खेचणे आणि दाब देणे आलटून पालटून करावं लागतं.
3. *लांब चीर* : सगळा ताण तिच्या टोकाशी एकवटतो. म्हणून टोकाशी बारीक छिद्र पाडतात, पण फक्त बाहेरच्या थरात. आधी ते टोक भरतात, मग उरलेली चीर. पातळ रेझिन केशाकर्षणाने आत ओढलं जातं.
4. *खड्याची खूण नसलेली चीर* : ही ताणाने पडते. ती भरली तरी ताणाचं कारण तसंच राहतं.

इथे दुरुस्ती नको
काठापासून निघालेली चीर, आतल्या बाजूने नखाला लागणारी चीर, चालकाच्या नजरेसमोरचा मोठा तडा. इथे काच बदलावी. अनेक गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना याच काचेचा आधार घेते. शाळेच्या व्हॅनमध्ये आपलीच मुलं बसतात. दोन पैसे वाचतात म्हणून तिथे भरलेल्या चिरेवर विसंबू नका. पालकांनी व्हॅनची काच एकदा स्वतः पाहावी.

टवका उडाल्यावर लगेच
कोरडा असेल तर त्यावर पारदर्शक सेलोटेप लावा, म्हणजे धूळ-पाणी शिरणार नाही. गाडी सावलीत लावा. थंड एसी किंवा गरम पाणी काचेवर सोडू नका. घरचा झटपट गोंद भरू नका, नंतर रेझिनला जागाच उरत नाही.

वर्गात करून पाहा
- खरबरीत (धुरकट) काचेच्या खरबरीत बाजूवर सेलोटेप घट्ट चिकटवा. तेवढ्या भागातून पलीकडचं दिसू लागतं. का?
- कागदाच्या दोन सारख्या पट्ट्यांना काठाकडून सारखाच काप द्या. एका कापाच्या टोकाशी पंचिंग मशीनने भोक पाडा. दोन्ही ओढा. कोणती आधी फाटते? का?

स्वाध्याय
1. रेझिन भरताना हवा राहिली तर काय होईल?
2. छिद्र मधल्या प्लास्टिकपर्यंत का जाऊ नये?

माझी चीर टवक्याच्या दिवशीच भरली असती, तर ठिपक्यावर निभावलं असतं. मुलांना मी हेच सांगतो : लहान चूक लहान असतानाच दुरुस्त करा.