दिवंगताच्या कारखान्यातील यंत्रे : विक्री व वाजवी मोल

मालाची प्रत पाहिल्याविना आम्ही व्यापारी भाव बोलत नाही. परंतु घरातील कर्ता पुरुष निवर्तला की त्याचा लेथ आम्हीच भंगाराच्या भावाने, वजनावर देऊन टाकतो. बेळगावच्या उद्यमबागेत यंत्राची पारख असणारी गिऱ्हाइके असताना हा तोटा का सोसावा?

प्रथम यंत्राचे नाव, क्रमांक, निर्मितीचे वर्ष व बेडची लांबी यांची यादी करावी. लेथचे मोल बेडची झीज व स्पिंडलचा ढिलेपणा पाहून ठरते. म्हणून वीजजोडणी तोडण्यापूर्वीच तो चालवून दाखवावा. चक व बदली गिअर त्यासोबतच द्यावेत. त्यांवाचून यंत्र अपुरे ठरते. मायक्रोमीटर, व्हर्निअर ही मापनसाधने मात्र स्वतंत्र विकावीत. किमान तिघांकडून भाव घ्यावा.

१९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांसही लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास पुरुषाच्या स्वार्जित मालमत्तेत पत्नी, आई, मुलगे व मुली यांना प्रत्येकी समान वाटा मिळतो. यास्तव सौद्यापूर्वी सर्वांची लेखी संमती घ्यावी. घाईच्या सौद्यात जे बुडते, ते बहुधा विधवेच्या निर्वाहाचे धन असते, हे आम्ही विसरू नये.