स्कोप विचारण्याआधी गावात विचारा

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, सध्या कशाला स्कोप आहे?" त्यामागची काळजी खरी असते. पगार बेताचा किंवा शेती तुटपुंजी, घरादाराची आशा एका मुलावर, आणि भावकीतल्या कुणाला तरी कॉम्प्युटरला प्रवेश मिळाल्याची बातमी कालच आलेली. या प्रश्नाचं उत्तर कुणी एका शब्दात दिलं तर त्यावर विसंबू नका, एवढंच मी सांगतो. मग मुलाकडे वळून विचारतो, "आजवर कुणाचं काम जवळून, निदान तासभर तरी पाहिलंयस का?" बहुतेक मुलं गप्प होतात. इंजिनिअर व्हायचं ठरवलेल्या मुलाने वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलेलं नसतं. नर्सिंगचा फॉर्म भरणाऱ्या मुलीला रात्रपाळी म्हणजे काय असते, हे कुणी सांगितलेलं नसतं.

यात मुलांचा दोष नाही. मुलाचं पुढचं शिक्षण ही आपण प्रत्येकाने आपापल्या घरात, दार लावून करायची काळजी करून टाकली आहे. शाळा गुणपत्रिका हातात देते, क्लास फीची पावती देतो, आणि निर्णय आई-वडिलांच्या माथी येतो. पण महाराष्ट्रात ही जबाबदारी अनेकांनी मिळून उचलल्याची उदाहरणं आहेत आणि ती आजही उपयोगी पडतात.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. भाग कमी पावसाचा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले अन्नतंत्रज्ञ. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात ते मोठ्या पदावर होते. ती नोकरी सोडून ते पाबळला आले आणि १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रमाचं काम सुरू झालं. हाताने काम करत शिकणं ही शिकण्याची स्वाभाविक रीत आहे आणि शाळेने ती सोडून दिली, म्हणून मुलं शाळा सोडतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. मुलं-मुली वेल्डिंग करतात, घराचं वायरिंग करतात, मातीचे नमुने तपासतात, हिमोग्लोबिन मोजायला शिकतात. शिकवायला गावातलेच कसबी लोक येतात, ज्यांचं पोट त्याच कामावर चालतं. राज्याच्या शिक्षण मंडळाने हा विषय दहावीसाठी मान्य केला, त्यामुळे कामाचा दिवस अभ्यासातून चोरलेला दिवस ठरत नाही.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. मुलं केवळ सराव म्हणून वस्तू करत नाहीत, गावाला सेवा पुरवतात. कुणाला लोखंडी स्टँड हवा असतो, कुणाला माती तपासून हवी असते, शाळेलाच पाण्याची टाकी हवी असते. आधी चित्र काढायचं, मालाचा हिशेब करायचा, खर्चाचा अंदाज द्यायचा, मग काम. ज्याने पैसे मोजलेत तो वाकडा स्टँड घेणार नाही, परत पाठवील. चौदा वर्षांची मुलगी मोठ्या माणसासमोर उभी राहून "याला एवढा खर्च येईल आणि तो का येईल" हे सांगते, तेव्हा ती जे शिकते ते कुठल्याही अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्ये मोजता येत नाही. गावालाही शाळेचा उपयोग कळतो. शाळा, कारागीर आणि गिऱ्हाईक झालेलं गाव, तिघांनाही यातून काही मिळतं. म्हणून ही भागीदारी टिकते. एकाने द्यायचं आणि दुसऱ्याने घ्यायचं, असे उपक्रम उद्घाटनाचा हार सुकेपर्यंत चालतात.

आश्रमात याच धर्तीची एक वर्षाची निवासी पदविकाही आहे. दहावी नापास मुलालाही तिथलं दार बंद नसतं. शिकून बाहेर पडलेल्या अनेकांनी फॅब्रिकेशन, पोल्ट्री, वायरिंग अशी स्वतःची कामं सुरू केली. मार्कांवरून "वाया गेला" असा शिक्का बसलेल्या मुलाच्या पालकांनी निदान एकदा तिथे जाऊन यावं.

"हाताचं काम शिकून माझा मुलगा तिथेच अडकणार," ही पालकांची हरकत मी हलक्यात घेत नाही. जातीने लादलेलं काम ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यांना लेकराच्या हातात पुन्हा तेच हत्यार द्यायचं नसतं. त्यांचं हे म्हणणं रास्त आहे. म्हणून शाळेतल्या कामाच्या दिवशी सगळ्या घरांतल्या मुलांनी सगळी कामं करायला हवीत. डॉक्टरांच्या मुलाने वेल्डिंग करावं आणि शेतमजुराच्या मुलीने पॅथॉलॉजी लॅबमध्ये, बँकेत, न्यायालयात जाऊन तिथलं काम पाहावं. ज्याच्या घरी जे काम नाही, ते त्याला दिसलं पाहिजे. मुलगा पुढे पदवी घेणारच असेल तर त्याचं नुकसान काहीच नाही, स्वतः वायरिंग केलेल्याला विजेचा धडा पाठ करावा लागत नाही. आणि एखादं क्षेत्र आपलं नाही हे चौदाव्या वर्षी कळलं, तर आई-वडिलांचे पुढचे काही लाख वाचतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावं, अशी कल्पना आहे. ते दिवस सहलीत आणि चित्रकला स्पर्धेत संपू नयेत, हे पालकांनी पाहायला हवं.

मूल गाव सोडून शहरात शिकायला जातं, तेव्हा आधाराचं रूप बदलतं. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना बळ दिलं. संस्थानाने जागा आणि अनुदान द्यायचं, समाजाने वर्गणी जमवून कारभार पाहायचा, अशी ती रीत. पुण्यात डॉ. अच्युत आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना राहायला जागा देते. तिथे मुलं कामात हातभार लावतात, कमवा आणि शिका योजनेत कमावतात. अशा ठिकाणी खाट आणि जेवण मिळतं, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वरच्या वर्गातली मुलं मिळतात. कोणता फॉर्म कधी निघतो, कोणत्या परीक्षेला काय वाचायचं, मुलाखतीला कसं बोलायचं, हे खोलीतल्या खोलीत कळतं. शिकलेल्या आई-वडिलांच्या घरी हे आपसूक मिळतं. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते वसतिगृह देतं. म्हणून शहरात क्लास शोधण्याआधी वसतिगृह शोधा आणि अर्जाची तारीख चुकवू नका. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. इतर प्रवर्गांच्या योजनांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात करा.

आयटीआय किंवा डिप्लोमाचा विचार करणाऱ्यांसाठी जवळचा कारखाना हा मोठा आधार आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. तीस किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आहे आणि त्यांना दरमहा विद्यावेतन द्यावं लागतं. हे अनेक पालकांना माहीतच नसतं. आयटीआय निवडताना इमारत पाहू नका. तिथल्या शिक्षकांना विचारा, तुमची मुलं उमेदवारीला कुठे जातात? संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर कोणते उद्योजक आहेत आणि ते वर्कशॉपमध्ये कधी फिरकतात? शिरोलीच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे माग, चाकण-वाळूजचे वाहनांचे कारखाने जवळ असूनही संस्थेचा त्यांच्याशी काही संबंध नसेल, तर दुसरी संस्था पाहा.

एक सावधगिरी मात्र हवी. शिकवण्याच्या नावाखाली फुकट मजूर मिळवणारेही असतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं हा गुन्हा आहे. त्याला काम दाखवायचं, शिक्षक सोबत ठेवून करून पाहू द्यायचं, एवढंच. मोठ्या मुलाच्या उमेदवारीत लेखी करार आहे का, विद्यावेतन बँकेत जमा होतं का, शेवटी प्रमाणपत्र मिळणार का, हे तीन प्रश्न न लाजता विचारा. मुलगी जाणार असेल तर येण्या-जाण्याची सोय आणि तिथे बाईमाणूस कोण आहे, हेही आधी पाहून या.

याची सुरुवात कुणी करायची? शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि निम्मे सदस्य महिला असाव्या लागतात. सरकारी शाळेत या समितीला शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी समितीच्या सभेत पोषण आहार आणि गळकं छप्पर यापुढे विषय जात नाही. ते विषय महत्त्वाचे आहेतच. त्यांच्या जोडीला आणखी एक विषय घ्या : आपल्या गावात, आपल्या वॉर्डात कोण काय काम करतं आणि त्यातलं कोण मुलांसाठी महिन्यातून दोन तास देईल? यादी केलीत की आश्चर्य वाटेल. पशुवैद्य, आशाताई, मोटर रिवाइंडिंगवाला, तलाठी, पतसंस्थेचा व्यवस्थापक, सुट्टीवर आलेला जवान, शहरात नोकरी करणारी माजी विद्यार्थिनी. यातले बहुतेक जण बोलावलं तर येतात. त्यांना आजवर कुणी बोलावलेलं नसतं, इतकंच.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या सभेला आई-वडील दोघंही जा आणि हा विषय इतिवृत्तात लिहून घ्या. पहिलं नाव तुमचं स्वतःचं द्या. तुम्ही जे काम करता ते मुलांना दोन तास दाखवा.