शेळी खरोखरच काहीही खाते काय?

‘शेळी काय, वाटेल ते खाते!’ असे आपण सहज म्हणतो. परंतु चरणाऱ्या शेळीकडे घटकाभर नीट पाहावे, म्हणजे हा समज किती खोटा आहे हे ध्यानी येईल.

शेळीला गवतापेक्षा झाडपाला अधिक प्रिय. प्रसंगी मागच्या दोन पायांवर उभी राहून ती उंच डहाळी गाठते आणि चपळ ओठांनी काटे चुकवून नेमके कोवळे पान खुडते. तिच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तेथे कठीण हिरडी असते. पोटाला कप्पे चार. घाईने गिळलेला पाला पहिल्या मोठ्या कप्प्यात साठवून ती मागाहून निवांतपणे रवंथ करते.

बुद्धीनेही ती मंद नव्हे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊची पेटी उघडेना, तेव्हा शेळ्या जवळच्या माणसाच्या तोंडाकडे पाहू लागल्या. जणू साहाय्यच मागत होत्या!

मग अशी चोखंदळ शेळी प्लॅस्टिकची पिशवी का गिळते? नवी वस्तू ती ओठांनी चाचपून पाहते. पिशवीला अन्नाचा वास असला, तर अन्नासह पिशवीही पोटात जाते. ती पचत नाही. आत साचत राहून शेवटी प्राणावर बेतते.

म्हणून आपल्या बरखेड्यात निर्माल्य वा उरलेला प्रसाद पिशवीत बांधून रस्त्याकडेला कोणी टाकू नये, अशी आमची विनंती आहे. शेळीला केळ्याची साल द्यावयाचीच, तर ती सुटी, आपल्या हाताने द्यावी.