लाईट गेली, तर इन्सुलिनचं काय?

जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांत लाईट जाणं नवं नाही. घरात मधुमेहाचा पेशंट असेल तर एवढं पाळा.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात डबीत ठेवा. बर्फाच्या कप्प्याला चिकटू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टोचू नका. त्याचा भरवसा नाही, साखर वाढू शकते.

लाईट गेली की दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण ४ तास गार राहतो. पुढे बाटली पिशवीत घट्ट बांधून माठाच्या गार पाण्यात ठेवा.

दाराचं रबर साबणाच्या पाण्यानं पुसा. दारात अडकवलेला कागद सहज निघाला, तर रबर ढिलं झालंय, ते बदला. बर्फ सुरीनं खरवडू नका.