माळ, कळप आणि गाव
(परिसर अभ्यास : इयत्ता चौथी)

उद्देश : माळ ही पडीक जमीन नसून हवामान, माती आणि शतकानुशतकांची गुरेचराई यांतून घडलेली भूमी आहे, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे.

विवेचन : सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे 550 मिलिमीटर पाऊस पडतो. मुरमाड, उथळ माळावर दाट अरण्य वाढत नाही. गवत मात्र चांगले येते. गवताचा कोंब बुडख्याशी असल्याने जनावराने शेंडा खाल्ला तरी ते पुन्हा फुटते. झाडाचे कोवळे रोप खुडले गेले की खुंटते. बाभळीचे तसे नाही. शेळ्यामेंढ्या तिच्या शेंगा खातात आणि टणक बिया लेंड्यांबरोबर दूरवर पडून रुजतात. उघड्या माळावर विरळ बाभळी दिसतात, त्यामागे कळपांचाही हात आहे.

गावाची रचनाही जनावरांनी घडविली. उभ्या पिकात गुरे शिरू नयेत म्हणून पाणंदी राखल्या गेल्या, चराईसाठी गायराने सुटली. सुगीनंतर धनगर रात्री शेतात मेंढरे बसवी. रानास खत मिळे आणि धनगरास धान्य. दख्खनी मेंढीच्या लोकरीतून घोंगडी विणली गेली.

चराईस विश्रांतीची जोड हवी. कळप पुढे सरकत राहिला तर गवत सावरते. एकाच जागी सतत चराई झाली, तर मारवेल, पवन्या ही सकस गवते मागे पडतात, कुसळी माजते आणि माती वाहून जाते. उलटपक्षी, माळ नांगरला किंवा त्यावर दाट झाडे लावली, तर काळवीट, लांडगा व माळढोक यांचा आसराच नाहीसा होतो. माळढोकासाठी नान्नज परिसरात 1979 साली अभयारण्य झाले. तरी तो पक्षी आज येथे अत्यंत दुर्मिळ आहे.

कृती : चिंचोळी औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या शाळांनी गावाच्या संमतीने गायरानातील एक मीटर लांबीरुंदीचे दोन चौरस निवडावेत. एकास जूनमध्ये काटेरी कुंपण घालावे, दुसरा उघडा ठेवावा. ऑक्टोबरपर्यंत दर महिन्यास गवताची उंची, प्रकार व रोपांची संख्या विद्यार्थ्यांकडून नोंदवून घ्यावी.

प्रश्न :
1. कारखाने व घरे वाढल्यावर कळपांच्या वाटा कोठून जाव्यात?
2. गावातील कोणती पाणंद आज बंद झाली आहे? का?

सूचना : वर्गात मेंढपाळाचे मूल असल्यास गवतांची नावे प्रथम त्यास विचारावीत. या पाठापुरते तेच मूल वर्गातील जाणते होय.