गिअरबॉक्स अजून शिकतोय, सर

'सर, तुमची ड्रायव्हिंग स्टाईल जरा वेगळी आहे.'

प्रस्तुत लेखक २८ वर्षं गाडी चालवतोय. त्यातली सहा वर्षं दर आठवड्याला ताम्हिणी घाट उतरून माणगावला जाण्यात गेली. तरीही पुण्यातल्या एका चकचकीत सर्व्हिस सेंटरात पंचविशीतल्या ॲडव्हायझरने हे वाक्य टाकलं, तेव्हा त्याने क्षणभर स्वतःच्या उजव्या पायाकडे संशयाने पाहिलं. इतके महिने उलटून गेल्यावरही त्याला राग येतो तो त्या क्षणाचा. पैशांचं दुःख वेगळं.

गाडी सेकंडहँड. सहा वर्षांची, ५२,००० किलोमीटर झालेली, ऑटोमॅटिक. विक्रेत्याने वर्षभराची वॉरंटी दिली होती आणि 'सगळं तपासलेलं' अशा अर्थाचं एक गुळगुळीत सर्टिफिकेटही. सकाळी कोथरूडहून निघताना गाडी लोण्यासारखी चाले. संध्याकाळी हिंजवडीहून परतताना पाऊण तास मुंगीच्या पावलांनी सरकलं, की पुढे चांदणी चौकाच्या चढावर पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना ती अशी थरथरे, की पाट्यावरून कोरडा वरवंटा ओढतोय असं वाटावं. डॅशबोर्डवर दिवा एकही नाही.

पहिल्या भेटीत कॉम्प्युटर लावला. 'कोड नाही, म्हणजे प्रॉब्लेम नाही.' दुसऱ्या भेटीत सॉफ्टवेअर अपडेट केलं. 'गिअरबॉक्स अजून शिकतोय, सर. पाचशे किलोमीटर चालवा.' तिसऱ्या भेटीत ड्रायव्हिंग स्टाईल निघाली.

गिअरबॉक्स शिकतो, ही थाप नव्हे. क्लच नेमका कुठे पकडतो याचा हिशेब गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ठेवतो आणि क्लच झिजेल तसा तो हिशेब बदलत राहतो. रीसेट केल्यावर ही आकडेमोड नव्याने सुरू होते. थोडे दिवस गाडी बरी वाटते, मग पुन्हा मूळपदावर येते. सोबत साठलेले कोड पुसले जातात, म्हणजे पुरावाही गेला. 'कोड नाही म्हणजे दोष नाही' हे तर निखालस चूक. क्लचची थरथर हा यांत्रिक प्रकार. कॉम्प्युटरला तिचा पत्ता लागेलच असं नाही.

डोळे उघडले ते तिसऱ्या भेटीत, आणि तेही गाडीमुळे नाही, कागदामुळे. ॲडव्हायझर चहाला गेला असताना प्रस्तुत लेखकाने आधीची दोन जॉब कार्डं शेजारी शेजारी ठेवून वाचली. पहिल्यावर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं 'पिकअप कमी'. दुसऱ्यावर 'जनरल चेकअप'. थरथर हा शब्द कुठेच नव्हता, दुसरा गिअर नव्हता, चढ नव्हता. टेस्ट ड्राइव्हची वेळ सकाळी साडेनऊ, अंतर दोन किलोमीटर. गार गिअरबॉक्स, सपाट रस्ता. दोन महिने घसा कोरडा करून सांगितलेलं सगळं हवेत विरलं होतं, आणि कागदोपत्री ही गाडी ठणठणीत होती. सही मात्र दोन्हीकडे प्रस्तुत लेखकाचीच. न वाचता केलेली.

त्या दिवशी त्याने आवाज चढवला नाही (बायकोच्या मते चढवला). एवढंच म्हणाला, 'तुमचा माणूस माझ्या शेजारी बसवा, संध्याकाळी साडेपाचला, आणि गाडी मी चालवतो.'

आला तो एक पोरगेला टेक्निशियन. वारज्याच्या गर्दीत अर्धा तास दोघे गप्प. चढ लागला, दुसरा गिअर पडला, डॅशबोर्ड खडखडला. पोरगा म्हणाला, 'काका, बाजूला घ्या. आता चढावरच रिव्हर्स टाका.' रिव्हर्समध्येही तीच थरथर. मग थांबून पुन्हा निघायला लावलं, पहिल्या गिअरमध्ये सोडलं. तिथे गाडी गुळगुळीत. तो जरा वेळ बाहेर बघत राहिला आणि म्हणाला, 'दुसरा क्लच गेलाय. पण मी बोललो असं सांगू नका.'

ही तपासणी ज्याची गाडी ड्युअल क्लचची आहे त्याने लक्षात ठेवावी. अशा गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा आणि, निदान या गाडीत तरी, रिव्हर्स. दुसरा आणि रिव्हर्स थरथरतात, पहिला नाही, म्हणजे बोट एकाच क्लचकडे जातं. इंजिन किंवा इंजिनाचं माउंटिंग खराब असतं तर झटके असे गिअर निवडून आले नसते. अशा कोरड्या क्लचच्या गाड्यांना गर्दीतलं सरपटणं सोसत नाही. क्लच अर्धवट पकडलेला राहतो, तापतो. म्हणून दोष संध्याकाळी दिसतो आणि सकाळी साडेनऊला लपतो.

प्रत्येक ऑटोमॅटिकचं दुखणं वेगळं, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे स्वस्तात आलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायला फक्त यंत्र. ती गिअर बदलताना मान डोलावते. तो स्वभाव आहे, रोग नाही. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी साठ-सत्तरच्या एकसारख्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर थरथरत असेल, तर पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक नुसता शिवून पाहावा. बहुतेक गाड्यांत त्याने आतला लॉकअप क्लच सुटतो. थरथर तत्क्षणी थांबली तर संशय तिथे. चालूच राहिली तर आधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल तपासायला सांगावं. ब्रेकची ही परीक्षा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना करावी, हे वेगळं सांगायला नको.

आता ड्रायव्हिंग स्टाईल. हे वाक्य पुण्यात जन्मलेलं नाही. फोर्डच्या पॉवरशिफ्ट या ड्युअल क्लच गिअरबॉक्सबद्दल ऑस्ट्रेलियात तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा तिथेही काही ग्राहकांना हेच ऐकवलं गेलं की थरथर तुमच्या चालवण्यामुळे होते. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने ग्राहकांना दिलेल्या वागणुकीबद्दल कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ही हकीकत वाचून प्रस्तुत लेखकाला जो आनंद झाला, तो सभ्य माणसाला शोभणारा नव्हता.

इकडे गोष्ट अजून मिटली नव्हती. 'दोष नाही' म्हणणारे आता दोष आहे म्हणाले, पण 'क्लच हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही'. वायपर आणि ब्रेक पॅडच्या पंगतीत क्लच प्लेट खरोखरच छापलेली होती, सातव्या पानावर. वॉरंटीत 'गिअरबॉक्स' लिहिलंय म्हणून निर्धास्त झालेल्यांनी आधी ते पान शोधावं. अंदाजपत्रक १,१४,००० रुपयांचं.

उपयोगी पडलं ते पहिलंच जॉब कार्ड. त्यावर तक्रार चुकीची लिहिलेली असली तरी किलोमीटर बरोबर होते: गाडी घेतल्यापासून जेमतेम ९०० झालेले. एवढ्यात क्लच झिजत नाही. म्हणजे तो विकतानाच झिजलेला होता आणि ते गुळगुळीत सर्टिफिकेट खोटं होतं. हे ईमेलवर, तारखांसह, चालत्या गाडीतल्या व्हिडिओसह पाठवलं. व्हिडिओ शेजारी बसलेल्याने काढावा, आरपीएमचा काटा आणि निवडलेला गिअर दिसेल असा. शेवटी ४६,००० रुपये प्रस्तुत लेखकाने भरले. उरलेल्याला विक्रेत्याने 'गुडविल' असं गोंडस नाव दिलं.

भांडत राहायला हवं होतं, असं मेहुणा अजून म्हणतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता आला असता. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. सगळं खरं. पण रिक्षाने हिंजवडी गाठून बघा म्हणावं महिनाभर.

बाकी नेहमीचंच: गाडी घेण्याआधी ओळखीच्या गॅरेजवाल्याला दाखवा, सर्व्हिस हिस्टरी मागा. आणि टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळची मागा, तासाभराची, चढासकट. विक्रेता कां कूं करू लागला तर दुसरी गाडी बघा. जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. 'सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही' म्हणाले तर पेनाने लिहा आणि फोटो काढा.

क्लच बदलून गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. तुमची तक्रार पहिल्याच भेटीत दूर झाली का, असं एका मुलीने विचारलं. प्रस्तुत लेखकाने घसा साफ केला आणि पहिल्या जॉब कार्डापासून सुरुवात केली.

'सर,' ती म्हणाली, 'फक्त हो किंवा नाही.'