नाकातील बुरशी : ओळख आणि प्रतिबंध

कान-नाक-घसा हा माझा विषय नव्हे, मी बालरोगतज्ज्ञ. तरीही या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला. एका नऊ वर्षांच्या मुलीने तो मला कायमचा शिकवला, हे त्याचे कारण.

कोविडच्या काही वर्षे आधीची गोष्ट. सीमेवरील एका खेड्यातून आईवडील तिला घेऊन आले. तीन दिवसांचा ताप, उलट्या आणि जोराचा श्वास. महिनाभर लेकरू सारखे पाणी पिते, रात्री उठते, हे आईने सांगितले. घरच्यांनी ते उन्हाळ्यावर ढकलले होते. रक्तातील साखर पाचशेच्या वर होती. मधुमेहातील कीटोअॅसिडोसिसचे निदान झाले व उपचार सुरू झाले. आई निघता निघता म्हणाली, "डॉक्टरसाहेब, डाव्या डोळ्याखाली जरा सुजल्यागत वाटतंय." दाढ दुखत असेल, असे मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड उघडून पाहिले, तेव्हा टाळूवर रुपयाएवढा काळा डाग होता.

तिला तातडीने मोठ्या शहरात पाठविले. शस्त्रक्रिया झाली, औषधे मिळाली. मुलगी वाचली, डावा डोळा मात्र गेला. आदल्या रात्री टाळू पाहिला असता तर डोळा वाचला असता की नाही, हे कोणीही सांगू शकणार नाही. परंतु ती एक रात्र माझ्या हातची होती.

बुरशी कोठून येते?

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू माती, कुजका पालापाचोळा, शेणखत, भिजलेला कडबा, ओलसर भिंती अशा सर्वत्र असतात. आपल्या बीदर-कलबुर्गी भागात तुरीची व सोयाबीनची रास करताना, किंवा जुने पेव उघडताना, उडणाऱ्या धुळीत ते विपुल असतात. आपण सारेच ते रोज श्वासावाटे घेतो आणि निरोगी शरीर ते परतवून लावते. त्यामुळे प्रश्न बुरशी कोठे आहे हा नसून, ती कोणाच्या शरीरात रुजते हा आहे.

नाकाभोवतीच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांना आपण सायनस म्हणतो. गालाच्या हाडातील व डोळ्यांमधील पोकळ्या जन्मतःच असतात. कपाळातील पोकळी मात्र सहा-सात वर्षांनंतर वाढीस लागते. या पोकळ्यांच्या पातळ भिंतीपलीकडे एकीकडे डोळा आणि दुसरीकडे मेंदू असतो. सारा धोका या शेजाराचा आहे.

तीन निरनिराळे आजार

पहिला, बुरशीचा गोळा. एखाद्या पोकळीत बुरशी साचते, पण पेशींत शिरत नाही. शस्त्रक्रियेने गोळा काढला की बहुधा काम भागते.

दुसरा, बुरशीच्या अॅलर्जीचा. तो किशोरवयीन मुलांत व तरुणांत आढळतो. नाक सतत चोंदलेले, आत मांसल कोंब, चिकट घट्ट स्राव, आणि हळूहळू एक डोळा पुढे आल्यासारखा दिसणे ही त्याची चिन्हे. भारतात यामागे बहुतांशी अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी असते. दुर्बिणीद्वारे पोकळ्या स्वच्छ करून नंतर स्टिरॉइड देतात.

तिसरा, आक्रमक प्रकार. यातील सर्वांत घातक तो म्युकरमायकोसिस. येथे बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, त्या बुजवते आणि पुढील भाग रक्ताअभावी मरतो. काळा रंग असतो तो या मृत पेशींचा. 'काळी बुरशी' हे नाव त्यावरूनच रूढ झाले. दुसऱ्या प्रकारात जे स्टिरॉइड औषध ठरते, तेच येथे घात करते. म्हणून निदानाआधी स्टिरॉइड नको.

2021 चा धडा

मे 2021 मध्ये केंद्र शासनाने हा आजार 1897 च्या साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करण्यास राज्यांना सांगितले. जून अखेरपर्यंत देशातील नोंद चाळीस हजारांच्या पुढे गेली आणि मृत्यू तीन हजारांहून अधिक झाले. रुग्णांपैकी सुमारे 85 टक्क्यांना कोविड होऊन गेला होता आणि सुमारे 64 टक्क्यांना मधुमेह होता. अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातलग गावोगाव फिरले. ज्यांचे सोयरे उदगीर-निलंग्यात आणि दवाखाना कलबुर्गीत, अशा आपल्या सीमाभागातील माणसांना राज्याराज्यांच्या वाटपाचा अर्थ त्या दिवसांत चांगलाच उमगला.

कीटोअॅसिडोसिसमध्ये रक्तातील लोह मोकळे होते व या बुरशीला तेच हवे असते. वाढलेल्या साखरेने पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात. त्यात स्टिरॉइडची भर पडली की तिन्ही दारे उघडी. कोविडमध्ये स्टिरॉइडचा लाभ सिद्ध झाला तो प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांत, डेक्सामेथासोन 6 मिलिग्रॅम रोज, जास्तीत जास्त 10 दिवस. घरी बसलेल्या साध्या तापाच्या रुग्णाला ते देण्याचे कारण नव्हते. तरीही ते दिले गेले, हे आपण डॉक्टरांनी मान्य केले पाहिजे.

धोक्याच्या खुणा

मुलांची साधी सर्दी बहुधा दहा दिवसांत ओसरते. मात्र मधुमेह, रक्ताचा कर्करोग, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड असलेल्या रुग्णात पुढीलपैकी एकही खूण दिसल्यास त्याच दिवशी तपासणी हवी : चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणे, सूज वा बधिरपणा, नाकातून काळपट किंवा रक्तमिश्रित स्राव, टाळूवर डाग, दात हलणे, पापणी खाली पडणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, दृष्टी अंधुक होणे.

सहकाऱ्यांसाठी थोडे अधिक. नाकातील पेशींचा नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पाहिल्यास त्याच दिवशी दिशा मिळते : रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले तंतू म्हणजे म्युकर, बारीक, पडदे असलेले व लघुकोनात फाटे फुटणारे म्हणजे बहुधा अॅस्परजिलस. कल्चरची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. मृत भाग काढणे, अँफोटेरिसिन आणि साखरेचे नियंत्रण ही तिन्ही कामे एकत्रच सुरू व्हावीत. मूत्रपिंड व पोटॅशियम यांवर लक्ष असावे. व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही, हेही स्मरणात असावे.

प्रतिबंध

हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाला वाळीत टाकू नये. कांद्यावरील काळी भुकटी वेगळ्याच बुरशीची असते. तिच्यामुळे हा आजार होतो ही 2021 मधील अफवा होती. रास करताना, पेव उपसताना नाकातोंडावर मास्क अथवा दुपदरी उपरणे असावे, विशेषतः मधुमेह्यांनी. नाक धुण्यास उकळून गार केलेले पाणीच वापरावे. प्राणवायूच्या बाटलीत निर्जंतुक पाणी भरावे व ते रोज बदलावे.

परंतु खरा प्रतिबंध साखरेचा ताबा हाच. मूल अचानक फार पाणी पिऊ लागले, अंथरूण ओले करू लागले, वाळू लागले, तर त्याच दिवशी साखर तपासावी. 'ताकदीचे इंजेक्शन' मागू नये, आणि आपणही ते देऊ नये.

त्या मुलीनंतर माझ्या टेबलावर तीन वस्तू कायम असतात : बॅटरी, जीभ दाबण्याची पट्टी आणि ग्लुकोमीटर. कीटोअॅसिडोसिसच्या प्रत्येक मुलाचा टाळू मी पहिल्या तासातच पाहतो. त्याला अर्धा मिनिट लागतो. आणि आई "जरा सुजल्यागत वाटतंय" म्हणाली, की मी पुन्हा खुर्ची ओढून बसतो.